अंजिराच्या काड्या घरात रुजवणे : पद्धती, प्रमाणं आणि काडी नेमकी कुजते कशाने

काळी_माती

पावसाळा सरत आला की पुणे जिल्ह्यात पुरंदरकडे अंजिराच्या मीठा बहाराच्या (पावसाळ्यानंतर धरायच्या हंगामाच्या) छाटण्या सुरू होतात. दिवे, सोनोरी, सासवडच्या बाजूला छाटलेल्या फांद्यांचे भारे बांधावर पडलेले असतात, मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. मग ‘काडी लावली, पानं फुटली, पंधरा दिवसांत सगळं वाळलं’ छापाचे प्रश्न सुरू होतात. त्यासाठी हा एकच धागा. ज्याला जे ठाऊक आहे त्याने आकड्यांसकट लिहावं.

बागेत फाटे कलम (फांदीची काडी रुजवून रोप) करायचं तर लांब काडी थेट मातीत रोवतात, त्यातल्या निम्म्या गेल्या तरी शेतकऱ्याचं बिघडत नाही. घरात आपल्याकडे काड्या असतात चार. चारही जगवायच्या तर ऊब, ओल आणि हवा या तिन्ही गोष्टी हातात ठेवाव्या लागतात, आणि ते घरातच जमतं.

काडी : एक वर्षाची, पिकलेली, करड्या-तपकिरी सालीची. जाडी पेन्सिलीपेक्षा जरा जास्त ते अंगठ्याएवढी, म्हणजे १० ते २० मिमी. लांबी १५ ते २० सेंमी, किमान ३ ते ४ डोळे (कोंब फुटायच्या जागा). पेरं जितकी आखूड तितकी काडी चांगली. हिरवी, लवचिक टोकं सोडून द्या, त्यांत साठा नसतो आणि ती आधी कुजतात. फांदीचा मधला आणि बुडाकडचा भाग घ्या. आतला गाभा पोकळ किंवा तपकिरी दिसला तर ती काडी बाद, खोडकिडा किंवा मर आत असू शकते.

कापणी : खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, सरळ. वरचा काप डोळ्याच्या १ ते १.५ सेंमी वर, तिरका. तिरका म्हणजे वर, सरळ म्हणजे खाली हे एकदा ठरवून टाकलं की काडी उलटी लागत नाही. काडीवर बारीक अंजिरं असतील तर ती खुडा, ती साठा खातात. पानं असतील तर देठाचा जरासा तुकडा ठेवून कापा, दोन-तीन दिवसांत तो आपोआप गळतो. ओढून काढलं तर डोळा दुखावतो.

कापताना पांढरा चीक येतो. हातमोजे घाला. चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. हे बागवाल्यांना माहीत असतं, गच्चीवाल्यांना नसतं. कापलेल्या काड्या तासभर सावलीत ठेवा, चीक थांबला की वाहत्या पाण्याखाली धुवा.

वरचा काप मेणाने बंद करायचा. साध्या मेणबत्तीचं मेण वितळवून, जरा निवू देऊन टोक १ सेंमी बुडवलं की झालं. कलमाची पट्टी असेल तर ती गुंडाळा. हे नाही केलं तर काडी वरून सुकत येते आणि सगळ्यात वरचा, सगळ्यात जोमदार डोळा आधी जातो.

खालच्या टोकाला समोरासमोर दोन उभ्या चिरा द्या, २ ते ३ सेंमी लांब. साल कापून आतला हिरवा थर दिसेल एवढ्याच, लाकडात शिरायचं नाही. जाड काड्यांना याचा चांगला उपयोग होतो.

मिश्रण : धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) १ भाग, परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) १ भाग, मापाने. ६५० ग्रॅमची वीट साडेतीन-चार लिटर पाण्यात फुगवली की साधारण ८ ते ९ लिटर कोकोपीट होतं. ते दोन-तीनदा पाणी बदलून धुवाच, विटेतला क्षार कोवळ्या मुळीचं टोक जाळतो. ईसी मीटर (पाण्यातला क्षार मोजणारं यंत्र) असेल तर निथळलेल्या पाण्याचा आकडा १ मिलिसीमेन्सच्या आत यायला हवा. परलाइट ओलं करूनच हाताळा, त्याची धूळ छातीत जाते. परलाइट नसेल तर २ ते ३ मिमीची चाळलेली, धुतलेली नदीची वाळू किंवा भाताच्या तुसाचा कोळसा चालतो. बागेची माती, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही या टप्प्यात नको.

ओल : मूठभर मिश्रण घट्ट पिळलं तर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर जास्त झालं, पसरून वाळवा.

ग्लास : पाऊण ते एक लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा. तळाला ५ ते ६ मिमीची सहा भोकं, बाजूंना तळापासून २ सेंमीवर चार. तळाशी ३ सेंमी मिश्रण, त्यावर काडी उभी, मग भरत जा. ठोकून बसवा, दाबू नका. काडीचा दोनतृतीयांश भाग आत, वर एक किंवा दोन डोळे. काडीचं बूड ग्लासाच्या तळाला टेकता कामा नये. कुठल्याही भांड्यात तळाचा दोन-तीन सेंमीचा थर निथळल्यावरही चिंब राहतो, त्याला भोकांचा इलाज नाही. कूज तिथूनच सुरू होते.

हा ग्लास दुसऱ्या रंगीत ग्लासात ठेवा म्हणजे मुळांना अंधार मिळतो आणि शेवाळ धरत नाही. दोन्ही मिळून झाकणाच्या पारदर्शक डब्यात किंवा मोठ्या झिप पिशवीत. दोन दिवसांनी एकदा दोन मिनिटं उघडून हवा बदला. तापमान २२ ते २७ अंश. ऊन अजिबात नको. बंद डब्यावर तासभर ऊन पडलं तरी आत काड्या शिजतात.

१० ते १५ दिवसांत कापाच्या कडेला पांढरट खरबरीत कॅलस (जखम भरून काढणारा पेशींचा थर) धरतो, तीन ते चार आठवड्यांत मुळं. गार खोलीत सहा आठवडेही लागतात.

बाल्कनीवाली

उपयुक्त धागा. दोन शंका. डोळे फुटून दोन-तीन पानं आली की लगेच कुंडीत हलवायचं, की मुळं दिसेपर्यंत थांबायचं? आणि पाणी नेमकं कधी द्यायचं? ‘गरजेनुसार’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ती गरज ओळखायची कशी?

उंबर_खोड

ताई, पहिल्याच प्रश्नात बहुतेक काड्यांचं मरण आहे.

पहिली पानं मुळांवर येत नाहीत. काडीच्या लाकडात जो पिष्टमय साठा असतो त्यावर डोळा फुटतो, एक, दोन, प्रसंगी चार पानं येतात. अंजिराचा डोळा उबेने जागा होतो, मुळांची वाट पाहत नाही. पानं मोठी व्हायला लागली की ती पाणी उडवतात आणि खालून पुरवठा शून्य असतो. बंद डब्यात दमटपणा ८५-९० टक्के असतो तोवर पानं टवटवीत राहतात. डबा उघडला की दोन तासांत माना टाकतात. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो पाणी ओततो. मुळं नसलेल्या काडीला ओतलेलं पाणी म्हणजे बूड कुजवायची पक्की सोय.

म्हणून पानं मोजू नका, मुळं बघा. पारदर्शक ग्लास त्यासाठीच आहे. बाहेरचा ग्लास उचलून पाहिलं तर भिंतीला पांढऱ्या मुळ्या टेकलेल्या दिसायला हव्यात, त्याही एका बाजूने नाही, चहूकडून. आणि तेव्हाही लगेच हलवायचं नाही. नवी मुळी पांढरी, पाणीदार आणि काचेसारखी ठिसूळ असते. मिश्रण जरा सुटलं की बुडाशीच मोडते. आठ-दहा दिवसांत ती पिवळसर-बदामी होते, फाटे फुटतात, मग तिच्यात दम येतो. हलवायची वेळ ती.

वर दोन डोळे एकदम फुटले तर जोमदार ठेवून दुसरा नखाने खुडा. साठा एकाच कामाला लागतो.

ठिबक

पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आहे.

काडी लावल्यावर ग्लासाचं वजन करा आणि ते मार्करने ग्लासावरच लिहा. समजा ४०० ग्रॅम भरलं. बंद डब्यात हे वजन फार सावकाश उतरतं, त्यामुळे पहिले तीन आठवडे बहुधा काहीच द्यावं लागत नाही. वजन १० टक्क्यांनी उतरलं, म्हणजे ३६० झालं, की २० ते २५ मिली पाणी कडेकडेने द्यायचं, काडीच्या बुंध्याशी नाही. परत ४०० वर न्यायचं नाही, ३८०-३८५ पुरे. बोट खुपसून ओल बघण्यात अर्थ नाही. वरचा थर कोरडा आणि तळ चिंब अशीच अवस्था असते.

मुळं धरली की वजन भराभर उतरायला लागतं. आधी आठवड्याला पाच ग्रॅम उतरणारा ग्लास तीन दिवसांत वीस ग्रॅम उतरला तर समजा खाली काम सुरू झालं, मग मुळं भिंतीला दिसोत न दिसोत.

डब्याच्या भिंतीवर सगळीकडे थेंब ओघळत असतील तर आत जास्त ओल आहे किंवा बाहेर-आतल्या तापमानात फरक आहे. सकाळी पुसटसं धुकं धरावं आणि दुपारपर्यंत जावं, इतपत ठीक.

नीरक्षीर

एवढं सगळं कशाला? मनी प्लांटसारखी काचेच्या बाटलीत पाण्यात ठेवा, मुळं येतात. अंजीर हे सहज फुटणारं झाड आहे.

काळी_माती

येतात, खरं आहे. खोट पुढे आहे. पाण्यात वाढलेली मुळं लांब, गुळगुळीत आणि बिनकेसाळ असतात. मातीत गेल्यावर त्यातली बरीचशी मरतात आणि काडीला दुसऱ्यांदा मुळं काढावी लागतात, तोवर साठा संपत आलेला असतो. पाण्यातच करायचं असेल तर : तळाशी ४ सेंमीच पाणी, दर दोन दिवसांनी पूर्ण बदलायचं, बाटली गडद रंगाची किंवा कागदात गुंडाळलेली, आणि मुळांचे नुसते पांढरे उंचवटे किंवा जास्तीत जास्त १ सेंमीच्या मुळ्या दिसल्या की लगेच मिश्रणात. पाण्यात १० सेंमीचा झुपका होईपर्यंत कौतुकाने ठेवतात, तिथे घात होतो.

नीरक्षीर

१ सेंमीला हलवायचं हे पटलं. पण पाण्यात काडीचं बूड डोळ्यांसमोर असतं, कूज लगेच दिसते, हा फायदा ग्लासात नाही. पाण्याला उग्र वास यायला लागला की बूड १ सेंमी कापून नवा पांढरा भाग येईपर्यंत मागे यायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. मिश्रणात कळतं तेव्हा काडी अर्धी गेलेली असते.

कोकणी_कोंब

दोन्हींतला मधला मार्ग लिहितो. काडी दिसतेही आणि बुडतही नाही.

लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं सुकं शेवाळ) घ्या, ऑर्किडवाल्यांकडे मिळतं. अर्धा तास भिजवा आणि मग हाताला कळ लागेपर्यंत पिळा. काडीच्या खालच्या अर्ध्या भागाभोवती बोटभर जाड गुंडाळा, वरचा भाग उघडाच. अशा चार काड्या एका झिप पिशवीत आडव्या ठेवून पिशवी बंद करा, हवा थोडी आत राहू द्या. कपाटात ठेवली तरी चालते, या टप्प्यात उजेड लागत नाही. चार-पाच दिवसांनी उघडून बघा. दोन ते तीन आठवड्यांत मुळ्या १ ते २ सेंमी होतात, तेव्हा मॉस न सोडवता काडी मॉससकट ग्लासात लावायची. मॉस सोडवायला गेलात तर मुळ्या त्याच्याबरोबर येतात.

आता यात दिसणाऱ्या पांढऱ्या गोष्टींबद्दल, कारण तिन्ही एकसारख्या वाटतात आणि लोक घाबरून चांगल्या काड्या फेकतात.

सालीवर ठिकठिकाणी साबुदाण्यासारखे पांढरे फुगीर ठिपके : ती सालीची श्वसनछिद्रं आहेत. ओल जास्त झाली की फुगतात. बुरशी नाही, मुळंही नाहीत. मॉस आणखी पिळा, एवढाच त्याचा अर्थ.

डोळ्याच्या शेजारी किंवा खालच्या कापाच्या कडेला टोकदार, घट्ट, चकचकीत उंचवटा : हे मूळ. अंजिराला मुळं कापावरही फुटतात आणि डोळ्यांच्या आसपासही, म्हणून किमान दोन डोळे मिश्रणाच्या आत हवेत.

कापसासारखं, फुंकर मारली तर हलणारं, पांढरं नाहीतर राखाडी : ही बुरशी. वरवरची असेल तर जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्यात घासा, तासभर वाऱ्यावर वाळू द्या, नवीन मॉस वापरा. बोटाने दाबून साल मऊ लागली, घसरली आणि खाली लाकूड तपकिरी दिसलं तर तेवढा भाग कापा. कापून हिरवा-पांढरा भाग आलाच नाही तर टाका.

मुंबई-कोकणात जून ते ऑगस्ट खोलीतलाच दमटपणा ८५ च्या वर असतो, तेव्हा बंद डबा वापरूच नका. उघड्या ग्लासात काडी, पानांवर सैलशी पिशवी, बस. त्या दिवसांत बंद डब्यात काड्या ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

सूक्ष्मदर्शी

निर्जंतुकीकरण आणि संप्रेरकाबद्दल वर काही आलेलं नाही.

घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, बाटलीवर ४ ते ५ टक्के लिहिलेलं असतं. १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी. काड्या २ मिनिटं बुडवा आणि लगेच स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. सुप्त काडीला हे सोसतं, हिरव्या कोंबाला सोसत नाही. ब्लीच संडास साफ करायच्या आम्लाजवळसुद्धा नेऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

आयबीए (मुळं फोडणारं संप्रेरक) अंजिराला अत्यावश्यक नाही, पण मुळांची संख्या वाढते. १००० ते २००० पीपीएम पुरे. हिशोब सोपा आहे : १ ग्रॅम आयबीए एक लिटरमध्ये म्हणजे १००० पीपीएम, अर्ध्या लिटरमध्ये म्हणजे २०००. ते पाण्यात विरघळत नाही, आधी स्पिरिटमध्ये विरघळवून मग तितकंच पाणी हळूहळू घालायचं. काडीचं खालचं २ सेंमी टोक ५ ते १० सेकंद बुडवायचं, दहा मिनिटं वाळवायचं, लावायचं. भुकटी वापरत असाल तर जादा भुकटी झटकून टाका. जास्त तीव्रतेने खालचा काप काळा पडून कॅलसचा नुसताच गोळा होतो, मुळं येत नाहीत. मध आणि दालचिनी ही संप्रेरकं नव्हेत. दालचिनी बुरशीला थोडी अटकाव करते, मध तर उलट बुरशीला खाऊ घालतो.

उंबर_खोड

ब्लीचपेक्षा कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक १ ग्रॅम प्रति लिटर, १० मिनिटं, हे रोपवाटिकांत सर्रास करतात. आतपर्यंत जातं.

सूक्ष्मदर्शी

रोपवाटिका उघड्यावर असते. इथे काड्या बैठकीतल्या कपाटात राहणार, घरात लहान मुलं असणार. चार काड्यांसाठी आंतरप्रवाही (झाडाच्या आत शोषलं जाणारं) बुरशीनाशक घरात आणायची गरज मला वाटत नाही. शिवाय पुढे ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) घालायचा विचार असेल तर कार्बेन्डाझिम त्यालाच मारतं. दोन्ही घालणारे लोक आहेत, त्यांचे पैसे दोन्हीकडून वाया जातात.

खरं तर ओल बेताची असेल तर दोन्हींची फारशी गरज पडत नाही. कूज ही आधी हवेअभावी होते, बुरशी नंतर येऊन जेवते.

आणखी एक : ग्लासाभोवती बारीक काळी चिलटं दिसली तर दुर्लक्ष करू नका. त्यांच्या अळ्या कोकोपीटच्या वरच्या दोन-तीन सेंमीत राहतात आणि कोवळ्या मुळ्या कुरतडतात. पिवळा चिकट सापळा लावा, मिश्रणावर १ सेंमी जाड वाळूचा थर द्या, वरचा भाग कोरडा राहू द्या. फार झाली तर डासांच्या अळ्यांसाठी मिळणारं बीटीआय (अळ्या मारणारे जिवाणू) पाण्यातून.

जर्सीकर

थंड प्रदेशातल्या मराठी मंडळींसाठी. इकडे अंजीर हिवाळ्यात पूर्ण झोपतो, पानं झडल्यावर कधीही काड्या घेता येतात. भारतापेक्षा ही एक गोष्ट सोपी आहे, कारण झोपलेल्या काडीत साठा भरपूर असतो. काड्या लगेच लावायच्या नसतील तर किंचित ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून झिप पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, २ ते ४ अंशांवर. दोन-तीन महिने आरामात टिकतात. कागद ठिबकणारा नको आणि काड्या फ्रीझरमध्ये नकोत.

तळघरात हिवाळ्यात १५-१६ अंश असतात, तिथे काडी नुसती पडून राहते आणि कुजते. बियांसाठी मिळणारी गरम चटई घ्या, पण थर्मोस्टॅटशिवाय नको. त्याचा तारेचा सेन्सर ग्लासातल्या मिश्रणात खोचा आणि २४-२५ वर लावा. चटईवरचं तापमान आणि मिश्रणातलं तापमान यांत चार-पाच अंशांचा फरक सहज असतो. उद्देश असा की बूड उबदार आणि डोळे जरा गार, म्हणजे मुळं आधी आणि पानं नंतर. पानं फुटल्यावर एलईडी पट्टी २५-३० सेंमी उंचीवर, दिवसाचे १४ तास.

आणि कृपा करून बॅगेत काड्या घालून भारतात नेऊ नका. प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ प्रमाणे आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र दोन्ही लागतं. शिकागो हार्डी, सेलेस्ट यांचं आकर्षण समजू शकतो, पण थंडीत तग धरणं हा त्यांचा मुख्य गुण. पुण्यात त्याचा काय उपयोग?

बाल्कनीवाली

सुक्या अंजिरातल्या बिया पेरल्या तर? बाजारात ‘अफगाणी’, ‘तुर्की’ म्हणून रोपं विकतात, ती घ्यावी का?

उंबर_खोड

बियांपासून उगवतात, पण त्यातली साधारण निम्मी झाडं नर प्रकारची निघतात, त्यांची फळं खाण्यालायक नसतात. उरलेल्यांचं फळ कसं येईल ते कळायला काही वर्षं जातात. शिवाय स्मर्ना गटातल्या जातींना फळ टिकवायला ब्लास्टोफॅगा नावाची बारीक गांधीलमाशी लागते. ती आपल्याकडच्या बागांत नाही, त्यामुळे त्या जातीची फळं लहान असतानाच गळून पडतात. आपला पुणे अंजीर परागीकरणाशिवाय फळतो. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच. काडी लावायची तर हीच, किंवा दिनकर, ब्राऊन टर्की, डायना. ही सगळी माशीशिवाय फळणारी आहेत. ‘अफगाणी’ ही जात नव्हे, दुकानाची पाटी आहे. ज्या झाडाचं फळ खाल्लंय त्याची काडी घ्या, यापेक्षा खात्रीची पद्धत नाही.

काडी घेताना झाडाची पानं बघा. पानावर फिकट पिवळे, कडा विरलेले चट्टे आणि वाकडीतिकडी पानं असतील तर तो मोझॅक विषाणू. तो काडीतूनच पुढच्या झाडात येतो आणि अंजिरावरच्या सूक्ष्म कोळीने पसरतो. ब्लीच, फवारा, काहीही लागू पडत नाही. थोडाफार मोझॅक जुन्या झाडांत असतोच, जोमदार झाड त्यासकट फळतं, पण सगळी पानं आक्रसलेली असतील तर त्या झाडाला हात लावू नका. पानामागे तपकिरी पूड असेल तर तो तांबेरा. तो काडीच्या आतून येत नाही, पानं काढून काडी धुतली की प्रश्न मिटला.

विदर्भातली_सावली

कोरड्या हवेसाठी दोन ओळी. नागपूर-अकोल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री खोलीतही १५ च्या खाली जातं आणि उन्हाळ्यात दमटपणा २० टक्क्यांवर येतो. दोन्हीला एकच उपाय, मासेवाल्याकडची थर्मोकोलची पेटी. झाकणात खिडकी कापून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चिकटवायचं. हिवाळ्यात आत दोन लिटरच्या दोन बाटल्या कोमट पाण्याने भरून संध्याकाळी ठेवल्या की रात्रभर चार-पाच अंशांचा आधार मिळतो. कडक गरम पाणी नको, बाटलीला टेकलेला ग्लास शिजतो. एप्रिल-मे मध्ये मात्र घरातच ३३-३५ असतात, तेव्हा नव्या काड्या लावूच नका. फ्रिजमध्ये ठेवा आणि पावसाची एक-दोन सरी पडल्यावर काढा. ३० च्या वर डोळा भराभर फुटतो, मुळं मागे राहतात, आणि बुरशी दोघांच्या पुढे पळते.

कूलरच्या झोतात काड्या ठेवू नका, हे सांगावं लागतं म्हणून सांगते.

बाल्कनीवाली

मुळं आली, बदामी झाली. पुढे बाहेर कधी आणायचं? डब्याबाहेर काढलं की पानं लोंबतात अशी तक्रार बऱ्याच ठिकाणी वाचली.

ठिबक

डब्यात वाढलेल्या पानाला पाणी राखायची सवय नसते. त्याची पर्णरंध्रं आळशी असतात, वरचा मेणाचा थर पातळ असतो. ती सवय लावायला ८ ते १० दिवस लागतात.

पहिले दोन दिवस झाकण बोटभर उघडं. पुढचे दोन दिवस अर्धं. पानं ताठ राहिली तर पाचव्या-सहाव्या दिवशी झाकण काढा, रात्री पुन्हा ठेवा. मग पूर्ण उघडं. कोणत्याही टप्प्यात पानं लोंबली तर एक पायरी मागे या, पाणी वाढवू नका. जुनी एक-दोन पानं पिवळी होऊन गळाली तर चालतं, शेंड्याचा कोंब हिरवा आणि टोकदार आहे ना तेवढं बघा. शेंडाच काळा पडला तर खाली गडबड आहे.

नंतर ३ ते ४ लिटरची कुंडी किंवा पिशवी. त्यात बागेची माती १, कोकोपीट १, जाड वाळू किंवा विटांचा चुरा १, आणि जुनं शेणखत अर्धा भाग. थेट २० लिटरच्या ड्रममध्ये लावू नका, मुळं नसलेली ओली माती भोवती राहते आणि आंबते. ग्लास उभा कापून गोळा अख्खा बाहेर काढायचा, मुळं मोकळी करायची नाहीत. लावल्यावर एकदाच नीट पाणी, मग वरची ३ सेंमी सुकेपर्यंत नाही. आठवडाभर सावलीत, पुढे सकाळचं एक तास ऊन, रोज अर्ध्या तासाने वाढवत.

खत : नवं पान कुंडीत गेल्यावर फुटलं की मगच. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत) अर्धा ग्रॅम प्रति लिटर, पंधरवड्याने. बाजारी कुंडीच्या मातीत सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) असतील तर अंजीर लगेच धरतो, मुळांवर गाठी येतात आणि झाड तसंच खुजं राहतं. म्हणून माती चार-सहा आठवडे कडक उन्हात प्लास्टिकखाली तापवलेली घ्या.

नीरक्षीर

शेवटची शंका. काडीचे वरचे डोळे वाळलेत, पण नखाने खरवडलं तर बुडाकडे हिरवं आहे, आणि ग्लासाच्या भिंतीला दोन मुळ्याही दिसतात. फेकायची का?

काळी_माती

अजिबात नाही. वाळलेला भाग हिरवा लागेपर्यंत कापत खाली या, कापाला मेण लावा. मिश्रण वरून हाताने सैल करून मातीखालचा सगळ्यात वरचा डोळा जेमतेम अर्धा उघडा करा, मुळ्यांना धक्का न लावता. तापमान २५ च्या आसपास, पाणी वजनावर. मुळं असलेल्या काडीचा मातीखालचा झोपलेला डोळाही फुटतो, फक्त त्याला तीन ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यात रोज उकरून बघायचं नाही. ग्लासावर तारीख आणि जात लिहून ठेवा, कारण पानं नसलेली पुण्याची काडी आणि ब्राऊन टर्कीची काडी ओळखणारा माणूस सहसा सापडत नाही.